कूलर बदलल्यावर: संगणक खरंच बिघडला आहे, की नुसता तापला आहे?

विदर्भातल्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवतो: इथे कूलर म्हणजे वाळ्याचे पडदे लावून खिडकीत बसवतात तो नव्हे. संगणकाच्या प्रोसेसरवर बसवलेला, धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा आणि त्याला लावलेला पंखा, एवढाच आपला विषय. पंखा खडखडायला लागला, खेळ खेळताना आवाज वाढला किंवा संगणक फार तापायला लागला की हा कूलर बदलावा लागतो. भारतात असताना ओळखीचा कॉम्प्युटरवाला घरी येऊन हे काम करून जायचा. परदेशात दुरुस्तीची मजुरी कधीकधी कूलरच्या किमतीपेक्षा जास्त होते, म्हणून बरेच जण स्वतःच स्क्रूड्रायव्हर हातात घेतात. अर्ध्या तासाचं काम असतं. ते आटोपतं, बटण दाबलं जातं, पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो.

अशा वेळी पहिला निष्कर्ष ठरलेला: "प्रोसेसर गेला." मग दीडशे-दोनशे डॉलरचा नवा मागवला जातो, तो बसवला तरी पडदा काळाच राहतो, आणि मग कुणीतरी येऊन एक सुटलेली वायर जोडतं.

या लेखात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कूलर बदलताना होणारं नुकसान बहुधा उष्णतेचं नसतं, हाताचं असतं: वाकलेली पिन, असमान घट्ट केलेला स्क्रू, धक्का लागून सैल झालेली मेमरीची पट्टी. हे नुकसान बऱ्याचदा दुरुस्त होतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. संगणक सुरू झाला म्हणजे तो धडधाकट आहे असं समजू नये. अर्धवट जुळलेली एखादी पिन संगणकाला चालू देते आणि मधूनच एखादा आकडा चुकवते. तो आकडा तुमच्या मुलांच्या फोटोंच्या फायलीत असू शकतो. म्हणून पुढच्या कुठल्याही चाचणीआधी, संगणक सुरू होत असेल तर, महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा आणि जुनी प्रत पुसू नका.

उष्णतेनं प्रोसेसर जळतो का?

एके काळी जळायचा. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं एक प्रयोग चित्रित केला होता. संगणक चालू असताना प्रोसेसरवरचा कूलर चक्क काढून घ्यायचा. त्या वेळच्या एएमडी अ‍ॅथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला. इंटेलचा पेंटियम ३ जागीच थांबला, पण वाचला. पेंटियम ४ मात्र रडतखडत का होईना, चालत राहिला, कारण त्यानं स्वतःचा वेग उतरवला होता. त्या चित्रफितीची बरीच चर्चा झाली, आणि "कूलर नीट बसला नाही तर चिप जळते" ही भीती तेव्हापासून आपल्या पिढीच्या मनात घर करून आहे.

आजच्या प्रोसेसरमध्ये सिलिकॉनच्या आतच तापमानाचे संवेदक असतात. मर्यादा आली, म्हणजे इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप चिपमध्ये १०० अंश सेल्सिअस, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक चिपमध्ये ९५, की प्रोसेसर आपला वेग आणि विजेचा दाब कमी करतो. तरीही तापमान चढत राहिलं तर तो सरळ वीज तोडायला लावतो. त्यामुळे कूलर सैल बसल्यानं संगणक दोन मिनिटांत बंद पडत असेल, तर तो बिघडलेला नाही. आपलं संरक्षण तो चोख करतो आहे.

एखादी संध्याकाळ ९५ अंशांवर चालल्यानं आयुष्य कमी झालं असेल का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. चिपमधल्या धातूच्या सूक्ष्म तारांमधून वीज वाहताना अणू हळूहळू सरकतात. या झिजेचं गणित जेम्स ब्लॅक यांनी १९६९ च्या सुमारास मांडलं. तापमान वाढलं की ही झीज झपाट्यानं वाढते, पण ती मोजायची असते महिन्यांत आणि वर्षांत. एका संध्याकाळीचा हिशोब त्यात जवळपास दिसतही नाही. वर्षभर रोज ९५ अंशांवर चालवणं वेगळं.

सगळा खेळ फटीचा

एक ढोबळ हिशोब करू. स्वयंपाकघरातली १८ सेंटीमीटर व्यासाची विजेची शेगडी १५०० वॅटची धरली, तर तिच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून साधारण ६ वॅट उष्णता निघते. आता रायझन ५ ३६०० हा बऱ्याच घरांत असलेला प्रोसेसर घ्या. त्यात गणना करणारा सिलिकॉनचा तुकडा फक्त ७४ चौरस मिलिमीटरचा आहे, म्हणजे एक चौरस सेंटीमीटरही नाही. त्यातून ६० वॅट निघतात असं मानलं तर प्रति चौरस सेंटीमीटर ८० वॅट झाले. शेगडीच्या तेरापट! एवढी उष्णता त्या नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची आणि तापमान उकळत्या पाण्याच्या खाली ठेवायचं.

कूलरचा तळ आणि प्रोसेसरवरचं धातूचं झाकण डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर दोन्हींवर डोंगरदऱ्या असतात. ते एकमेकांवर ठेवले की शिखरं शिखरांना टेकतात आणि मधल्या दऱ्यांत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४००, तर हवेची ०.०२६ (एकक वॅट प्रति मीटर-केल्विन). म्हणजे हवा तांब्याच्या पंधरा हजारपट वाईट वाहक. थर्मल पेस्ट ही हवा हाकलून देण्यासाठी असते. तिची स्वतःची वाहकता फार नसते, एक आकडी किंवा फार तर दहाच्या आसपास, पण हवेच्या तुलनेत ती शेकडो पटींनी चांगली. म्हणूनच ती पोळीवर तूप लावल्यासारखी पातळ हवी. श्रीखंडाचा थर दिला तर उलट अडथळाच वाढतो.

याच कारणानं नव्या कूलरच्या तळावरचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद काढायला विसरणं हा जगभर सगळ्यात जास्त वेळा होणारा विनोद आहे. तो कागद पातळ असतो, पण प्लास्टिकची वाहकता पेस्टच्या कैकपट कमी. कूलर बसवून झाल्यावर तो कागद टेबलावर पडलेला दिसत नसेल, तर तो कुठे आहे याचा अंदाज बांधता येईल.

पडदा काळाच आहे

संगणक अजिबात सुरू होत नसेल तर क्रम असा ठेवावा, की ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी. वायर भिंतीतून काढा, मग सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. वीजपुरवठ्याचा डबा मात्र उघडायचा नाही, त्याच्या आत धोकादायक दाब बराच वेळ टिकून राहतो.

कूलर मोठा असेल तर तो बसवताना हाताला जागा पुरत नाही, म्हणून प्रोसेसरला वीज देणारी चार किंवा आठ पिनांची जोडणी अनेक जण काढतात. मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ती असते आणि परत लावायची राहते. ती नसेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण प्रोसेसर उपाशी असतो. त्यानंतर मेमरीच्या पट्ट्या. त्या कूलरच्या अगदी शेजारी असल्यानं मनगटाचा धक्का हमखास त्यांनाच लागतो. काढून पुन्हा बसवा, दोन्ही टोकांना टक असा आवाज यायला हवा. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या खुंट्यांवरच आहे ना ते बघा. तिथे फिरण्याचा संकेत मिळाला नाही तर कित्येक मदरबोर्ड पंख्याचा दोष दाखवून तिथेच थांबतात. एखादा स्क्रू मोजणीत कमी भरतोय का? मदरबोर्डच्या मागे अडकलेला एक स्क्रू सगळं शॉर्ट करायला पुरेसा आहे.

बऱ्याच मदरबोर्डवर चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि बूट. कुठला दिवा अडकून राहतो ते टिपून घ्या. प्रोसेसरचा दिवा लागला म्हणजे प्रोसेसर मेला असा अर्थ काढू नका. बोर्डाला त्याच्याकडून उत्तर मिळत नाही, एवढंच तो दिवा सांगतो. उत्तर न मिळण्याचं कारण विजेत, सॉकेटमध्ये किंवा एखाद्या पिनमध्ये असू शकतं.

आता पिनांकडे वळू, कारण खरं नुकसान इथे होतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये (२०१६ पासून पुढे, रायझन ५००० पर्यंत) १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूनं पकडतं. वरून दाबून धरणारी चौकट नसते. जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असली आणि कूलर सरळ वर ओढला, तर लॉक बंद असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटला जातो. एका मित्राच्या संगणकात नेमकं हेच झालं होतं. कूलर हातात आला, त्याच्या खाली प्रोसेसर लटकत होता आणि कोपऱ्यातल्या सहा-सात पिना गहू वाऱ्यानं झुकावा तशा झुकल्या होत्या. रिकाम्या शिसपेन्सिलीच्या, म्हणजे ०.५ मिलिमीटरच्या यांत्रिक पेन्सिलीच्या टोकात एकेक पिन घालून, रांगेच्या दोन्ही दिशांनी डोळा लावून बघत, त्या तासाभरात सरळ झाल्या. तो संगणक नंतर व्यवस्थित सुरू झाला. पिन एकदा वाकून सरळ होते, पण पुन्हापुन्हा मागेपुढे केली तर तुटते. तुटली तरी लगेच रडू नये. त्या १३३१ पिनांपैकी पुष्कळशा जमिनीच्या आणि विजेच्या असतात, अशी एखादी नसली तरी बाकीच्या भार वाटून घेतात. कुठली पिन कशाची याचे नकाशे मिळतात, ते बघून ठरवावं.

हा प्रकार टाळायचा उपाय सोपा आहे: कूलर काढण्याआधी संगणक दहा-पंधरा मिनिटं जोरात चालवून पेस्ट मऊ करायची, मग बंद करून कूलर आधी डावी-उजवीकडे पिळायचा आणि मगच उचलायचा.

इंटेलनं २००४ पासून डेस्कटॉपवर आणि एएमडीनं २०२२ च्या एएम५ पासून पिना प्रोसेसरऐवजी मदरबोर्डवर नेल्या. तिथे प्रोसेसर चौकटीखाली दाबलेला असल्यानं उपटला जात नाही. पण सॉकेटमधल्या पिना स्प्रिंगसारख्या नाजूक असतात, आणि त्यांवर काही पडलं किंवा प्रोसेसर तिरका ठेवला गेला तर त्या वाकतात. त्या सरळ करणं पेन्सिलीचं काम नाही. भिंगातून बघून, बारीक सुईनं, स्थिर हातानं करावं लागतं. तो हात आपला नसेल तर हे काम करणाऱ्याकडे द्यावं.

सुरू होतो, पण तापतो

बायोसच्या पडद्यावर जा आणि प्रोसेसरचं तापमान पाच मिनिटं नुसतं बघत बसा. चाळीस-पन्नासच्या आसपास स्थिरावलं तर ठीक. मिनिटभरात ८० च्या पुढे गेलं तर लगेच बंद करा, कूलर टेकलेलाच नाही.

त्यापेक्षा जास्त सांगतो तो तापमान चढण्याचा वेग. प्रोसेसरवरचं तांब्याचं झाकण साधारण ३० ग्रॅमचं धरलं तर त्याला एक अंश तापवायला १२ ज्यूलही पुरतात. कूलर नीट टेकलेला नसेल तर ८० वॅटची सगळी उष्णता या झाकणातच साठते आणि तापमान दर सेकंदाला सहा-सात अंशांनी चढतं. कूलर टेकलेला असेल तर त्याचं ६००-७०० ग्रॅम धातूचं कोठार भरावं लागतं, आणि मग एक अंश चढायला पाच-सहा सेकंद लागतात. काम सुरू होताच वीस-तीस अंशांची पहिली उडी कुठल्याही प्रोसेसरची असतेच, तिला घाबरू नका. पण दहा सेकंदांत थेट मर्यादेला भिडला तर दोष स्पर्शात आहे: पेस्ट, प्लास्टिकचा कागद, असमान स्क्रू. दहा मिनिटांत हळूहळू भिडला तर दोष हवेत आहे: पंखा उलटा लागलाय, फिरत नाही, किंवा पेटीत हवेला वाट नाही. पाण्यावर चालणाऱ्या कूलरचा पंप बंद असेल तर याच्या मधलं काहीतरी दिसतं.

आकडा वाचताना खोलीचं तापमान वजा करायला विसरू नका. कूलर ठरावीक तापमान राखत नाही, खोलीच्या वर ठरावीक फरक राखतो. हिवाळ्यात २० अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० वर चालतो, तोच मे महिन्यात नागपूरच्या ४० अंशांच्या खोलीत ९० ला पोचेल, कुणीही काहीही बिघडवलेलं नसताना. सुट्टीत भारतात नेलेल्या संगणकाची "तिथे गेल्यावर बिघडला" ही तक्रार यातून आलेली असू शकते.

पेस्ट बाजूला सांडली असेल तर बहुतेक वेळा नुसता पसारा होतो, कारण साधी पेस्ट वीज वाहून नेत नाही. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न धागे सोडणारं फडकं घेऊन पुसावी, वाळू द्यावी. ‘लिक्विड मेटल’ वापरलं असेल तर मात्र संगणक क्षणभरही सुरू करू नका. त्यात गॅलियम असतं. ते वीज वाहतं, आणि अॅल्युमिनियमला लागलं तर त्याच्या कणाकणांत शिरून त्याला ठिसूळ करतं. तांब्याचा तळ असलेल्या कूलरखेरीज ते वापरायचंच नसतं. माझ्या मते घरच्या संगणकाला त्याची गरजही नाही.

सुरू होतो, तापत नाही, पण…

ही तिसरी अवस्था फसवी. विंडोजमध्ये मेमरी किती दिसते ते बघा. १६ जीबी होती आणि ८ दिसत असेल, तर पट्टी सैल आहे किंवा मेमरीच्या एका वाहिनीच्या पिना सॉकेटमध्ये नीट टेकत नाहीत. कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले तरी असं होतं. चारही स्क्रू ढिले करून, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडेथोडे घट्ट केले की हरवलेली मेमरी कधीकधी परत येते. ग्राफिक्स कार्ड सोळाऐवजी आठ मार्गिकांवर चालतंय का, एखादा डिस्कचा खाचा दिसेनासा झालाय का, हेही बघून घ्या.

नंतर रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा. त्यात एकही लाल ओळ चालत नाही, शंभरात एक म्हणजे चांगलं असं इथे नसतं. मग प्राइम९५ तासभर. हा कार्यक्रम १९९६ पासून मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी वापरला जातो. चाचणी म्हणून चालवताना तो अशी प्रचंड गणितं करतो ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत. प्रोसेसरचं उत्तर त्या उत्तराशी जुळलं नाही, किंवा पूर्णांकाच्या जवळ यायला हवा होता तो आकडा भलतीकडेच गेला, की तो थांबतो आणि तसं लिहितो. संगणक कोसळण्याची वाट न बघता चूक पकडणारं हे साधन आहे. २०१६ साली इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक खराखुरा दोष याच कार्यक्रमामुळे उघडकीला आला होता, इतकं ते काटेकोर. त्याबरोबर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’ नावाच्या नोंदी शोधा. संगणकाच्या अंगानं स्वतःच नोंदवलेल्या त्या तक्रारी असतात. लिनक्सवर हेच काम कर्नलची नोंदवही करते. मेमरीला जास्त वेगाचं प्रोफाइल दिलेलं असेल तर या चाचण्या करताना ते बंद ठेवा, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही.

नोंदींच्या तारखाही बघा. कूलर बदलण्याच्या आधीपासून त्या येत असतील तर बिचाऱ्या कूलरवर आळ घेऊ नका. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही प्रोसेसरना जास्त विजेच्या दाबानं इजा होत होती, हे कंपनीनं २०२४ मध्ये मान्य केलं आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. संगणक अडखळतो म्हणून लोक कूलर बदलतात आणि मग अडखळण्याचा दोष कूलर बदलण्याला देतात, असं त्यात सहज घडू शकतं.

थंड देशांत राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. हिवाळ्यात घरात हीटर चालू असतो, हवा कोरडी ठणठणीत होते, आणि गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या कडीला हात लावला की ठिणगी बसते. ती आपल्याला जाणवते तेव्हा दाब साधारण तीन हजार व्होल्टचा असतो. चिपला इजा करायला त्याहून खूप कमी पुरतो, म्हणजे आपल्याला न जाणवणारी ठिणगीही तिला जाणवते. कोकणातल्या दमट हवेत वाढलेल्या माणसाला ही सवयच नसते. पेटीच्या न रंगवलेल्या धातूला अधूनमधून हात लावत काम करावं, गालिच्यावर बसून नको. अशा ठिणगीनं झालेला बिघाड डोळ्यांना दिसत नाही, आणि तो सुटा ओळखण्याची घरगुती चाचणीही नाही. बाकी सगळं तपासून झाल्यावर जे उरतं ते हे.

त्यानंतरही पडदा काळा असेल, किंवा प्राइम९५ पुन्हापुन्हा चुकत असेल, तर प्रोसेसर दुसऱ्या चालू मदरबोर्डवर लावून बघणं एवढाच खात्रीचा मार्ग आहे. मित्राकडे त्याच सॉकेटचा संगणक असेल तर एका दुपारचं काम. पण आपला बोर्ड संशयित असेल तर मित्राचा चांगला प्रोसेसर आपल्या सॉकेटमध्ये घालून बघू नका. वाकडी पिन किंवा शॉर्ट तिथेच बसलेला असेल तर त्याचाही जाईल. नेहमी आपला प्रोसेसर त्याच्या बोर्डवर, तोही पिना भिंगातून बघून झाल्यावर. तिथे तो चालला तर नवा मदरबोर्ड घ्या, न चालला तर नवा प्रोसेसर, आणि दोन्हींची हमी संपायची तारीख आधी बघा.